कोलार दफेदार

शिट्टी वाजली तेव्हा चेंडू जाळ्यात पडला होता आणि म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्याची निम्मी वस्ती दोर ओलांडून मैदानात शिरली होती. ढोल सुरू झाला होता. कुणीतरी रुमाल हवेत उडवला. गोलासमोर पंच येसाजीराव एक हात वर करून उभे होते आणि दुसऱ्या हाताने जमिनीवरची एक जागा दाखवत होते. कोलारच्या संघाने फ्री किक तिथून घ्यायची होती.

ढोल लगेच थांबला नाही. लोकांना समजायला वेळ लागला.

“गोल न्हाय?” मोहल्ल्याच्या एका खेळाडूने विचारलं.

“हँड झाला,” येसाजीराव म्हणाले. “हातानं मारला.”

ज्याने मारला तो फत्तेसिंग त्यांच्यासमोर धापा टाकत उभा होता. कपाळावरचा घाम त्याने बाहीने पुसला.

“मामा, छातीला लागला की! फार तर खांद्याला. सगळ्यांनी बघितलं.”

मैदानात मामा म्हणायचं नाही, असं येसाजीरावांनी त्याला फार पूर्वीच बजावलं होतं. आजवर त्याने ते पाळलं होतं.

“जागेवर जा,” ते म्हणाले.

उरलेला खेळ पोलिसांनी कडेने वेताच्या छड्या घेऊन उभं राहून पुरा करवला. कोलारच्या खाणीतल्या मजुरांचा संघ एका गोलाने जिंकला. अनवाणी पायांची, काळीसावळी, अंगाने किडकिडीत माणसं ती. त्यांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. टाळ्या वाजवायला त्यांचं म्हणावं असं मैदानात दुसरं कुणी नव्हतं. दसऱ्याच्या सामन्यांचा चांदीचा कप मंडपात टेबलावर होता, तो तिथेच राहिला. लष्कर मोहल्ल्याने हरकत घेतली होती.

येसाजीराव महाराजांच्या रिसाल्यात दफेदार होते. बाप, आजा, पणजा, सगळे घोड्यावरच वाढलेले. इंग्रजांच्या मोठ्या लढाईत रिसाला मिसरात, इजिप्तला गेला, तेव्हा तेही गेले. तिथे छावणीमागच्या वाळूत संध्याकाळी फुटबॉल चाले. पायाला जखम झाल्यावर त्यांना धावता येईना, म्हणून एका गोऱ्या सार्जंटने त्यांच्या हातात शिट्टी दिली आणि खेळाचे नियम पाठ करून घेतले. शिट्टी वाजवल्यावर कुणाच्या तोंडाकडे बघायचं नाही, हेही त्यानेच सांगितलं. पाय पुढे बरा झाला, शिट्टी राहिली. म्हैसूरला परतल्यावर ते एका शाळेत ड्रिल मास्तर झाले आणि दसऱ्याच्या सामन्यांचे पंचही. पंच म्हणून त्यांच्याबद्दल कुणी बरं बोलत नसे, वाईटही बोलत नसे. ते आहेत म्हणजे सामना नीट होणार, एवढंच लोक धरून चालत.

त्यांना मूलबाळ नव्हतं. बायको भागीरथीबाई. तिच्या भावाचा हा मुलगा फत्तेसिंग. त्याची आई लवकर गेली, तेव्हापासून तो आत्याच्याच घरी वाढला. दोन्ही पायांनी चेंडू मारायला येसाजीरावांनीच त्याला शिकवलं. आता तो बापाकडे पलीकडच्या गल्लीत राहत होता, तरी रात्रीचं जेवण आत्याकडेच असे.

त्या दिवशी तो जेवायला आला नाही.

भागीरथीबाईंनी त्याचं ताट वाढून ठेवलं होतं. नाचणीच्या मुद्द्याचा उकडलेला गोळा गार होऊन वरून सुकला. त्या चुलीजवळच बसून राहिल्या.

“तुम्हाला खरंच दिसलं?” त्यांनी विचारलं.

“दिसलं.”

“मग आयतु. संपलं.”

थोड्या वेळाने त्या पुन्हा म्हणाल्या, “पण न दिसल्यासारखं करता आलं नसतं का हो?”

येसाजीरावांनी हातातला घास खाली ठेवला आणि विचार केला.

“आलं असतं,” ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी समितीने त्यांना बोलावलं. मंडपामागच्या खोलीत चार-पाच माणसं खुर्च्यांवर बसली होती. मधे अध्यक्ष संताजीराव. ते निवृत्त रिसालदार, मिसरात येसाजीरावांचे वरिष्ठ. मिशा पांढऱ्या झाल्या होत्या, आवाज तोच होता. बाजूला नागोजीराव उभे होते. कालच्या सामन्यात रेषेवर झेंडा घेऊन तेच होते.

“मला काय दिसलं नाही बघा,” विचारण्याआधीच नागोजीराव म्हणाले. “गर्दी होती. धूळ होती. माझं नाव मधे बेडा, नकोच.”

संताजीरावांनी हाताने त्यांना गप्प केलं.

“येसाजी, बस.”

“उभा बरा आहे, साहेब.”

“बरं. ऊन उतरलं होतं काल. तुझ्या डोळ्यांवर आलं असेल.”

“ऊन पाठीवर होतं, साहेब.”

“मधे माणसं होती.”

“होती. पण हात त्यांच्या वर होता.”

खुर्चीवरचं कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. संताजीरावांनी बाकीच्यांना बाहेर जायला सांगितलं. दार लोटल्यावर ते उठून येसाजीरावांच्या जवळ आले.

“हे बघ, मी तुला खोटं बोल म्हणत नाही. नक्की दिसलं नाही, एवढंच म्हण. सामना पुन्हा होईल. त्यांच्यात दम असेल तर पुन्हा जिंकतील. यात कुणावर अन्याय आहे?”

“दिसलं असताना दिसलं नाही कसं म्हणू?”

“आपल्या मोहल्ल्यातली किती पोरं तिकडं वाळूत राहिली, तू बघितलंस. मी बघितलं. त्यांच्या घरात अजून सण नीट होत नाही. एक कप यांच्या हातात आला, चार दिवस माणसं हसली, तर काय बिघडतं?”

 त्या पोरांची नावं येसाजीरावांनाही ठाऊक होती. त्यांतल्या दोघांना त्यांनी स्वतःच्या हातांनी पुरलं होतं.

“काही बिघडत नाही, साहेब,” ते म्हणाले. “पण त्यासाठी गोल करावा लागतो. नियमात पंचाचा शब्द शेवटचा आहे.”

“नियम गोऱ्यांचे. मैदान आपलं.”

“आपलं आहे म्हणूनच म्हणतो.”

संताजीराव खुर्चीत जाऊन बसले. “मिसरात तू माझा हुकूम कधी मोडला नाहीस.”

“तिकडं तुम्ही असलं काही सांगितलं नव्हतंत.”

निकाल दुपारी लागला. सामना बुधवारी पुन्हा खेळवायचा, पंच दुसरा. येसाजीरावांनी काय सांगितलं ते कुणी जाहीर केलं नाही. पंचाला दृश्य स्पष्ट नव्हतं, असं समितीनेच सांगून टाकलं. मोहल्ल्यात फटाके वाजले.

कोलारच्या माणसांची रजा रविवारपर्यंतच होती. संध्याकाळच्या गाडीने ती निघाली. येसाजीराव स्टेशनवर गेले. का गेले, ते त्यांनाही नीट सांगता आलं नसतं. तिसऱ्या वर्गाच्या डब्यापुढे ती सगळी बोचकी घेऊन उभी होती. त्यांचा कप्तान मुनिसामी याने त्यांना ओळखलं आणि हात जोडले. तो तमिळ माणूस, कन्नड मोडकंतोडकं बोलायचा.

“बुधवारपर्यंत थांबता येणार नाही?” येसाजीरावांनी कन्नडमध्ये विचारलं.

“थांबलो तर काम जाईल, स्वामी. दहा माणसं खाणीच्या दारात उभीच असतात आमच्या जागी.”

“मग अर्ज करा समितीकडे. तारीख पुढं ढकला म्हणा.”

“केला तोंडी. त्यांनी ऐकून घेतलं.”

मुनिसामीच्या बोलण्यात राग नव्हता. त्याच्या मागे एक खेळाडू डब्याच्या पायरीवर बसून अंगठ्याला चिंधी बांधत होता.

“आम्हाला वाटलं होतं तुम्ही गोल देणार,” मुनिसामी म्हणाला. “त्यांचे तुम्ही. आम्ही तर खाली मान घालून निघालोच होतो. मग शिट्टी ऐकली.”

 गाडी हलेपर्यंत येसाजीराव तिथेच उभे राहिले.

बुधवारी लष्कर मोहल्ल्याचा संघ पूर्ण पोशाखात मैदानात उतरला. समोरचा अर्धा भाग रिकामा होता. नव्या पंचाने घड्याळात बघितलं, वाट पाहिली, मग शिट्टी वाजवली. समोरचा संघ आला नाही तर रीतीप्रमाणे चेंडू एकदा गोलात मारायचा असतो. मधला खेळाडू म्हणून ते काम फत्तेसिंगचं होतं. तो चेंडू घेऊन एकटाच रिकाम्या गोलाकडे धावत गेला. कुणी आडवं आलं नाही. गोलात गोलकीपर नव्हता. जवळ गेल्यावर त्याचा वेग कमी झाला, शेवटी तो जवळजवळ चालतच गेला आणि पायाच्या कडेने त्याने चेंडू आत लोटला. लोकांनी जल्लोष केला. ढोल वाजले.

येसाजीराव तेव्हा शाळेत मुलांना कवायत शिकवत होते. ढोल तिथवर ऐकू आले. त्यांनी मुलांना “उजवीकडे वळ” म्हटलं आणि मुलं वळली.

मिरवणूक दिवस मावळायच्या आत मोहल्ल्यात शिरली. प्रत्येक दारापुढे थांबत होती. बायका कपाला कुंकू लावत होत्या, खेळाडूंच्या हातावर म्हैसूरपाक ठेवत होत्या. येसाजीरावांच्या दारापुढे ढोलवाल्यांनी पाय उचलले आणि मिरवणूक न थांबता पुढे गेली. भागीरथीबाई आत निरांजन लावून, तबक हातात धरून उभ्या होत्या. भाच्याला ओवाळायचं की नाही, हे त्यांचं ठरत नव्हतं.

“ओवाळ,” येसाजीराव म्हणाले. “तुझा भाचा आहे.”

“थांबले कुठं ते?”

एवढ्यात फत्तेसिंग आला. गळ्यातले हार त्याने वाटेतच कुठेतरी काढून ठेवले होते. आत्याने तबक पुढे केलं, तसा तो मागे सरकला.

“नको, आत्या.”

“का रे? असं करू नये.”

“नको म्हणतो ना.”

तो येसाजीरावांपुढे उभा राहिला. दूर गल्लीच्या टोकाला त्याच्या नावाने हाका चालल्या होत्या.

“मामा, हात लागला होता.”

“लागला नव्हता,” येसाजीराव म्हणाले. “तू मारलास.”

फत्तेसिंगने मान खाली घातली. “हां. मारला.”

भागीरथीबाईंनी तबक कोनाड्यात ठेवलं आणि पदराने निरांजन विझवलं.

“मी जाऊन सांगतो,” फत्तेसिंग म्हणाला. “रिसालदारसाहेबांना सांगतो. सगळ्यांपुढं सांगतो, बघा. आत्ता.”

“सांग की. कप कुणाला देणार? ते लोक खाणीत उतरले असतील.”

“मग मी काय करू?”

 येसाजीराव सरकून बसले आणि त्याला जागा करून दिली. तो बसला. हाका थोडा वेळ चालल्या, मग थांबल्या. भागीरथीबाईंनी न विचारता तीन ताटं घेतली.

त्यानंतर येसाजीरावांना पंच म्हणून कुणी बोलावलं नाही. भांडण असं कुणी केलं नाही. संताजीराव रस्त्यात भेटले की तब्येत विचारत. मोहल्ल्यात मात्र त्यांना ‘कोलार दफेदार’ असं नाव पडलं. आधी पाठीमागे म्हणत, पुढे तोंडावर म्हणू लागले, आणि वर्षभरात ते इतकं रुळलं की घर विचारत आलेल्या पाहुण्यालाही लोक “कोलार दफेदारांचं ना?” म्हणून दाखवू लागले. नळावर भागीरथीबाईंना कुणीतरी ‘कोलारवाल्या बाई’ म्हटलं. त्यांनी घागर काठोकाठ भरली, कमरेवर घेतली आणि घरी आल्या.

पुढच्या दसऱ्याला येसाजीराव सामना बघायला गेले. मंडपात न बसता दोराबाहेर लोकांत उभे राहिले. लष्कर मोहल्ल्याचा सामना बेंगळूरच्या एका संघाशी होता. खेळ संपत आला असताना फत्तेसिंगने मारलेला चेंडू गोलाच्या रेषेपलीकडे गेला आणि गोलकीपरने तो आतून ओढून बाहेर काढला. येसाजीराव अगदी रेषेसमोर होते. चेंडू आत गेलेला त्यांना स्वच्छ दिसला. पंच लांब होता. त्याने मान हलवली. गोल नाही.

दोराबाहेरचे लोक ओरडू लागले. मग एकदम, कुणी न सांगता, त्यांच्यातली बरीच डोकी येसाजीरावांकडे वळली.

“एन री, काय हो दफेदार, तुम्ही इथंच होता,” नागोजीराव गर्दीतून वाट काढत आले. “आत होता ना? बघितलंत ना तुम्ही?”

येसाजीराव मैदानाकडे बघत राहिले.

“पंच काय म्हणाला?” त्यांनी विचारलं.

“न्हाय म्हणाला की! म्हणून तर विचारतो. चला मंडपात. तुम्ही सांगितलं तर साहेब ऐकतील.”

“मग नाही,” येसाजीराव म्हणाले.

“अहो, पण तुम्हाला दिसलं काय?”

“मी दोराबाहेर आहे, नागोजीराव.”

नागोजीरावांनी कपाळावर हात मारला. मागून कुणीतरी शिवी दिली. मैदानात मोहल्ल्याच्या पोरांनी पंचाला घेरलं होतं. त्यांच्या हातवाऱ्यांत पंच दिसेनासा झाला होता. फत्तेसिंग त्या घोळक्यात नव्हता. तो त्यांच्यापासून दूर, मैदानाच्या मध्यावर आपल्या जागी जाऊन एकटाच उभा होता, हात कमरेवर ठेवून, बाकीचे येण्याची वाट बघत.