मधल्या बाकाचा नमुना

बडनेऱ्याच्या त्या छोट्या कॉलेजातला माझा प्रवेश हुकला. हे तुम्ही वाचलंच नाही असं समजा; मंगळवारी तीन वाजेपर्यंत तरी सगळं ठीक होतं.

माझे अब्बा, गयासुद्दीन, धामणगावला कापूस पारखतात. त्या वर्षी, म्हणजे २००६ साली, गाड्यांमध्ये वर कोरडा आणि खाली पाणी मारलेला कापूस फार यायचा. म्हणून अब्बा खांद्यापर्यंत हात खुपसून मधली मूठ काढायचे. कॉलेजचं वातावरण पाहायलाही ते तसेच आले.

फाटकापाशी मुली हसत होत्या. सर पोरांसोबत चहा पीत होते.

"हा वरचा थर," अब्बा म्हणाले. "निखत, हे एवढे खूश कावून आहेत?"

"अब्बा, आज शेवटची तारीख आहे, पाचले खिडकी बंद होते. फॉर्म देऊ?"

"थांब. मधलं पाह्यतो."

ते सरळ चालू वर्गात शिरले आणि मधल्या बाकावरच्या पोरीला म्हणाले, "बेटा, तुले इथं खरंच बरं वाटते?"

"हो चाचा."

"पढवून ठेवलं हिले."

मग त्यांनी वाचनालयाचं मधलं कपाट, तिघांतला मधला शिपाई आणि त्याच्या डब्यातली मधली पोळी तपासली. सगळं चांगलंच निघालं, त्यामुळे संशय वाढला. शेवटी ते म्हणाले, "माल कोरडा आहे. दे फॉर्म."

तेव्हा सव्वापाच झाले होते.

बुधवारी मी अर्ज दिला: "मा. प्राचार्य यांस सविनय विनंती, की कालचे पाच हे साडेपाचला वाजले असे धरण्यात यावे, व तशी नोंद कालच घेण्यात यावी."