जिंजरची अंघोळ

ईशानीने आजीवर पहिल्यांदाच काही सोपवलं होतं, आणि तेही काय, तर साप. शाळेच्या सहलीला कॉर्कला निघताना तिने पेटीचं झाकण दाखवलं, पाणी बदलायला सांगितलं आणि "इट्स ग्रँड, आजी" म्हणून पळाली. अकोल्याहून आयर्लंडमध्ये ट्रलीला मुलाकडे आल्यापासून लीलावतीबाई या वाक्यापलीकडे नातीपर्यंत पोचल्याच नव्हत्या.

साप गार्टर जातीचा, हातभर लांबीचा. ईशानीने फोनवर त्याचे भाऊबंद दाखवले होते: कुणी काळंभोर, कुणी निळसर, कुणी लाल डोळ्यांचं पांढुरकं. तिची जिंजर मात्र शेंदरी, आणि त्या रंगावर पोरीचा भारी जीव. एका जातीत इतके रंग म्हणजे आपल्या देशमुखांच्या घरासारखंच की, असं बाईंना वाटलं आणि भीती निम्मी झाली.

दुसऱ्या दिवशी पाहतात तर शेंदरी रंग गायब. अंग राखाडी, डोळ्यांवर दुधी पडदा. कात टाकायच्या आधी हे असंच होतं. ईशानीला ते इतकं रोजचं की सांगायचं सुचलंच नव्हतं. बाईंना मात्र वाटलं, आपल्याच हातून काही चुकलं. मुलाला, गिरीशला, कामावर हॉस्पिटलात फोन करावा असं मनात आलं. पण मग तो म्हणणार, आईला एवढंही जमलं नाही. घरातली झाडून सगळी बाळं त्यांच्या हातची न्हालेली, परदेशात जन्मलेली ही नात तेवढी राहून गेलेली.

"काहून गं बाई अशी कळकट झालीस?" म्हणत त्यांनी जिंजरला खोबरेल चोळलं. टबातलं पाणी कोपराने पाहिलं, बाळाला घालतात तेवढंच ऊन. सापाला तेवढं ऊनही जीवघेणं, पण हे त्यांना कोण सांगणार? जिंजर खूप वळवळली. बाळंही आधी आकांत करतातच. मग तो राखाडी थर मोज्यासारखा सुटून आला आणि खालून असा लखलखीत शेंदरी रंग निघाला की बाई एकट्याच हसल्या. जिंजर गप्प झाली. न्हाल्यावर झोप लागायचीच, म्हणून त्यांनी तिला मऊ फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं.

संध्याकाळी ईशानी आली ती थेट पेटीकडे. फडकं उलगडून म्हणाली, "आजी, लुक ॲट हर कलर," आणि आजीला घट्ट मिठी मारली. लीलावतीबाईंचे डोळे भरून आले.

मग ईशानीने जिंजरला उचललं. ती तिच्या हातावरून दोन्हीकडे नुसती लोंबत राहिली.

"आजी, तू काय केलंस?" ईशानी म्हणाली. आजीशी ती पहिल्यांदाच मराठीत बोलली होती.