वजा अठ्ठावन्न

मी वजनकाटा बोलतोय. दुकानातून या घरी आलो तेव्हा घरातल्या बाईंनी माझ्यावर ओलं फडकं फिरवलं आणि म्हणाल्या, "खरं तेच सांग हो बाबा." त्याच घटकेला मी वसा घेतला. वर कोणीही उभं राहो, खोटं बोलायचं नाही. उतलो नाही, मातलो नाही. फक्त एकदाच तो मोडावासा वाटला, ते सांगतो.

बाईंचंही एक व्रत होतं. यजमान कवळ्या बनवतात. त्यांना युरोपाच्या दक्षिणेला, बारमाही उन्हाच्या एका देशात काम मिळालं आणि व्हिसा येईपर्यंत बाईंनी साखर सोडली. दीड वर्ष! व्हिसा आला त्या दिवशी त्या माझ्यावर उभ्या राहिल्या. अठ्ठावन्न. यजमानांनी कौतुकाने तो आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवला.

संध्याकाळी व्रत सुटलं, ते सुसाटच. मिठाईवाला तर बाईंना लांबून पाहूनच पुडा बांधायला घेई. महिन्याभराने एका दुपारी त्या गुपचूप माझ्यावर चढल्या, पायाची बोटं आखडून. बोटं आखडली की वजन घटतं, असा पुष्कळांचा समज आहे. एकसष्ट. झटकन उतरल्या आणि मला पायानेच कॉटखाली सारलं.

इकडे तयारी जोरात होती. उन्हाची सवय व्हावी म्हणून यजमान घरातही काळा चष्मा लावून वावरत आणि बॅगा तोलायला बाहेर काढलेल्या मला दिवसातून दोनदा ठेचकाळत. स्वेटर शेजारी गेले. तीनपैकी दोन बॅगा विमानाच्या तेवीस किलोंच्या मर्यादेत बसल्या.

तिसरीत होता सासूबाईंचा लोखंडी खलबत्ता. मुलगा सगळ्या गावाला दात पुरवतो, पण आईचं तोंड बोळकंच. तुझी कवळी मलाच चावते, म्हणायच्या. बदाम असोत की चणे, सगळं कुटून खायच्या. खलबत्ता येणार नसेल तर आपणही येणार नाही, हे त्यांनी शांतपणे सांगून टाकलं होतं.

नुसती बॅग ठेवली की माझा आकडा तिच्या पोटाखाली झाकला जातो. म्हणून बाई बॅग कवटाळून उभ्या राहत आणि यजमान कॅलेंडरवरचं त्यांचं वजन वजा करत. मी सांगितलं, चौऱ्याऐंशी.

"वजा अठ्ठावन्न, म्हणजे सव्वीस. तीन किलो जास्त," यजमान म्हणाले. "बाकी सगळं काढून झालंय. आई, खलबत्ता राहू दे. तिकडे गेल्यावर मऊ कवळी करून देतो."

सासूबाई उठल्या. आपल्या बॅगेतल्या साड्या काढून परत कपाटात रचायला लागल्या.

बाईंनी माझ्यावर पायाची बोटं आखडली. माझ्याही मनात आलं, तीन किलो गिळून टाकावेत, कोणाला कळतंय? पण वसा आडवा आला.

"की हा काटाच खुळा झालाय?" यजमान म्हणाले. "भंगारात देऊन टाकू."

बाईंना आयतीच वाट मिळाली. हो म्हटलं असतं तर आळ माझ्यावर आला असता आणि त्या सुटल्या असत्या. पण त्यांनी बॅग खाली ठेवली, डोळे मिटले आणि रिकाम्या हातांनी पुन्हा माझ्यावर उभ्या राहिल्या.

"अहो, वाचा. मोठ्याने वाचा."

यजमानांनी काळा चष्मा कपाळावर चढवला. "एकसष्ट."

बॅग नेमकी तेवीस किलो निघाली.

"म्हणजे माझा खलबत्ता सूनबाईच्या पोटात होता तर," म्हणत सासूबाई बोळक्या तोंडाने इतक्या हसल्या की साड्यांच्या घड्या मोडल्या. बाईंनीच त्या पुन्हा घालून बॅगेत ठेवल्या.

गेल्या आठवड्यात सगळे गेले. मला जागा नव्हती. निघताना बाईंनी माझ्यावर शेवटचं ओलं फडकं फिरवलं आणि मला शेजारी दिलं. इथल्या काकू माझ्यावर उभ्या राहिल्या की हळूच भिंतीला धरतात. होईल, त्यांनाही सवय होईल.

तुम्हीही हा वसा घ्या. दुसऱ्याच्या बॅगेतून काही काढायला सांगण्याआधी एकदा रिकाम्या हातांनी काट्यावर उभे राहा. भिंत सोडा. आणि जो आकडा येईल तो मोठ्याने वाचा.