गॉडफ्रेच्या ओरडण्याची कॅसेट

"काकू, पूजेची घंटी थांबवू नका. वाजवा. टेपवर येऊ दे की."

गॉडफ्रे असं म्हणायचा. माझा केयूर मात्र पंपघरातून ओरडायचा, "आई, रेकॉर्डिंग चाललंय." उमेळे गावातल्या आमच्या वाडीतलं ते पंपघर म्हणजे या दोघांच्या 'खाजण' नावाच्या बँडचा स्टुडिओ. गाणं नाही, ताल नाही. मोटारीची घरघर, पत्र्यावर पत्रा घासायचा आणि गॉडफ्रेनं पाइपात तोंड घालून घसा बसेपर्यंत ओरडायचं. त्याच्या कॅसेटी काढून विकायचे, मोजक्याच. त्या संपल्या की मूळ टेपवर चुंबक फिरवून ती पुसायची, हा त्यांचा नियम.

गॉडफ्रे स्कूटरवरून पडला आणि गेला. महिन्याच्या मिस्साला, चर्चमधल्या प्रार्थनेला, मी त्यांच्या होळी गावात गेले, तेव्हा त्याच्या आईनं माझा हात धरला. "बाय, फोनात फोटो ढीगभर आहेत. आवाज कुठेच नाही."

मी म्हटलं, "मी आणून देते."

घरी केयूरला सांगितलं. त्यानं मानही वर केली नाही. "कॅसेटी संपल्या."

"एक काढ की."

"आई, ते काही त्याचं बोलणं नाही. मटेरियल आहे ते."

"मटेरियलला आई असते का रे?"

आता त्यानं मान वर केली. मग म्हणाला, "तू संकष्टीला चंद्र दिसल्याशिवाय जेवतेस? तापात फणफणलीस तरी नाही. तुझा तो नेम, आणि आमचा म्हणजे पोरखेळ. रविवारी पुसतोय मी."

नेम कसा धरायचा हे तो माझ्याकडेच बघून शिकला, याचाच संताप आला. जपानातल्या कुणीतरी कॅसेट मागवून त्या ओरडण्याची तारीफ लिहिली होती, ती यानंच मला वाचून दाखवली होती. जपानात तो आवाज आहे. होळीत, त्याच्या घरात, नाही.

आज केयूर ऑफिसला गेल्यावर पूजा उरकली. कपाटात कोरी कॅसेट नव्हती. मग भूपाळ्यांची काढली, रोज पहाटे लावते ती. विकतच्या कॅसेटवर दुसरं काही भरता येऊ नये म्हणून तिच्या पाठीला खाच ठेवलेली असते. खाचेवर चिकटपट्टी लावली की भरता येतं. हे दोघं लोकांकडून जुन्या कॅसेटी मागून आणून त्यांवर भरायचे, तेव्हा बघितलं होतं.

पट्टी लावली. पंपघरातल्या दोन कप्प्यांच्या टेपरेकॉर्डरमध्ये डावीकडे त्यांची मूळ टेप घातली, उजवीकडे माझी. देवाला नमस्कार केला आणि दोन्ही बटणं दाबली.