शेवटच्या कडव्याला आधण

शाहीर रंगरावांना जाऊन वर्ष झालं त्या दिवशी धायरीच्या फ्लॅटमध्ये पुण्यानुमोदनाला माणसं मावेनात. जिन्यातला चपलांचा ढीग बघून समोरच्या गृहस्थांनी आत डोकावून विचारलं, इथे सेल लागलाय का. रंगरावांच्या पत्नी तुळजाबाईंनी त्यांनाही जेवायला बसवलं.

वंदना झाली, जेवणं उरकली, तशी नात अक्षता लॅपटॉप घेऊन आजीसमोर बसली. ती हिंजवडीला कंपनीत होती. आजोबांची सगळी गाणी इंटरनेटवर कायमची ठेवायची, हे तिनं मनावर घेतलं होतं. अडलं होतं एकाच गाण्यापाशी, आणि नेमकं तेच गावोगाव लोकांच्या तोंडी होतं. कॅसेट काढणाऱ्यांनी फीत पुरेना म्हणून त्याचं शेवटचं कडवं उडवलं होतं. तेव्हा रंगराव कितीतरी दिवस कुणाशी धड बोलले नव्हते. एका कडव्यासाठी एवढं काय तोंड पाडून बसायचं, असं तुळजाबाईंनी त्यांना फटकारलंही होतं.

आजीला ते कडवं येतं, असं अक्षतानं सगळ्यांना सांगून टाकलं होतं. तुळजाबाईंनीही मान डोलावली होती. उभा जन्म नवऱ्याच्या मागे उभं राहून त्यांनी साथ केली होती. त्यांना नाही येणार तर कुणाला?

रंगराव आधी कवी होते, छापून येणारे. खडकीच्या कारखान्यातली पाळी संपवून सदाशिव पेठेत कविता वाचायला जायचे. तिथले लोक वा वा म्हणायचे, चहा पाजायचे आणि पुढच्या पत्रिकेत त्यांचं नाव चुकीचं छापायचे. एकदा त्यांनी तीच कविता वस्तीतल्या बायांना वाचून दाखवली. बाया मुकाट ऐकत राहिल्या. शेवटी तुळजाबाईच म्हणाल्या, "चांगलं हाय, पर ध्यानात कसं ठेवायचं? चालच न्हाई त्याला." रंगराव रुसले, जेवले नाहीत. मग एके दिवशी ढोलकीवाल्या कचरूलाच घरी घेऊन आले, आणि त्यानंतर गाणं कधी कागदावर उतरवलं नाही. कागदावरचं कागदालाच ऐकू येतं, म्हणायचे.

अक्षतानं बटण दाबलं. म्हाताऱ्या कचरूनं भिंतीला टेकून मांडीवरच ठेका धरला आणि तुळजाबाई गाऊ लागल्या.

"पुसा जरा या वाटेला, पाय कुणाचे भाजले…"

आवाज चिरकत होता, पण सूर जागेवर होता. एकेक कडवं मागे पडत गेलं आणि शेवटचं आलं.

"आता थोडं घरचं बोलतो, ऐका जीव लावून…"

एवढं म्हणून त्या उठल्या आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. लोकांना वाटलं, भरून आलं असेल. गॅसपाशी पोचून हात पातेल्याकडे गेला तेव्हा कुठे आपण काय करतोय हे तुळजाबाईंच्या लक्षात आलं.

शेवटचं कडवं रंगराव एकटेच म्हणायचे, तेही फक्त मंचावर. कार्यक्रम संपला की त्यांना आलं घातलेलं गरम पाणी लागायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी घसा बसायचा. त्यामुळे ‘घरचं बोलतो’ कानावर आलं की तुळजाबाई मंचामागे जाऊन स्टोव्ह पेटवायच्या. त्याच्या भर्र आवाजात पुढचं काही ऐकू यायचं नाही, आणि ऐकावं असं त्यांना कधी वाटलंही नाही. शाहिरानं शेवटी आपलं नाव गुंफायचं, ही रीतच होती. नवऱ्याचं नाव त्यांना चांगलं ठाऊक होतं.

बाहेर येऊन त्या अक्षतासमोर बसल्या. "मला न्हाई येत, बाळा. मी ते कधी ऐकलंच न्हाई."

अक्षतानं कचरूकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. ढोलकीवाल्याच्या ध्यानात ठेका राहतो, शब्द कुठले राहायला. मग तो तुळजाबाईंकडे वळला.

"वैनी, शब्द मला बी आठवत न्हाईत. पर त्यात त्यांचं नाव नव्हतं. ‘तुळजा म्हणे’ असं होतं. चालीचं तुम्हीच सुचवलं म्हणून."

"मला का न्हाई सांगितलं?"

"लाजायचे. स्टेजवर ऐकत न्हाई, आता कॅसेटीत तरी ऐकंल, म्हणायचे. आम्हाला वाटलं, नंतर सांगितलं असंल."

तुळजाबाईंना नवऱ्याचं ते पडलेलं तोंड आठवलं, आणि आपण काय बोललो होतो तेही. मग त्यांना रडू आवरेना. भरल्या घरात, चारचौघांसमोर त्या मोठ्यानं रडल्या. अक्षतानं लॅपटॉप मिटायला हात घातला, तो त्यांनी धरला.

"राहू दे. परत लाव."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं आणि ‘घरचं बोलतो’ ही एकच ओळ पुन्हा म्हटली. पुढे शब्द नव्हते. कचरूनं मात्र ठेका सोडला नाही, कडवं जेवढं होतं तेवढं त्यानं मांडीवर वाजवलं. आतून सुनेनं विचारलं, चहाचं आधण ठेवू का. तुळजाबाईंनी तिला हातानंच थांबवलं, आणि ठेका संपेपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.