सेड्रिकचं काचघर

शेफिल्डच्या ज्या टेकडीवर नोरीन स्टॅनिफोर्थचा बागेचा तुकडा होता, ती इतकी उभी होती की वरच्या माणसाच्या हातून सुटलेला बटाटा गडगडत खालच्याच्या वाफ्यात येऊन पडायचा आणि मग तो कोणाचा यावरून दोघांची जुंपायची. नोरीनचा तुकडा सगळ्यात खाली, फाटकाला लागून. तिची मैत्रीण ग्लेनिसचा मध्यावर. आणि सेड्रिक हॅलमचा पार वर, दगडी पायऱ्या जिथं संपतात तिथं. नगरपालिकेला भाडं भरून तिघं कित्येक वर्षं तिथं भाजी पिकवत होते, आणि एकमेकांच्या कामालाही जात होते. आज हिच्या वाफ्यात घोड्याची लीद टाकायची, उद्या तिच्या न्हाणीघराची खिडकी रंगवायची, असं चालायचं.

सेड्रिकचं आयुष्य सुऱ्याकात्र्यांच्या कारखान्यात धार लावण्यात गेलं होतं. लग्न केलं नव्हतं. बोलणं बेताचं. त्याच्या तोंडून शब्द काढणं म्हणजे गोठलेल्या जमिनीतून गाजर उपटणं, असं ग्लेनिस म्हणायची. ग्लेनिस स्वतः घरच्या घरी बायकांचे केस कापायची, त्यामुळे गावातली प्रत्येक बातमी तिच्या खुर्चीत बसून गेलेली असायची. नोरीन शाळेत मुलांना जेवण वाढून निवृत्त झाली होती. तिचा नवरा फार पूर्वी तिला सोडून समुद्रकाठच्या एका गावी निघून गेला होता. ती गोष्ट तिला आता कधीतरी पाहिलेल्या सिनेमासारखी आठवायची, त्यातही शेवट धड आठवायचा नाही. एकटीचं घर तिला आवडत होतं.

मार्चमधल्या एका सकाळी ती फाटक उघडून आत शिरली, तर तिच्याच वाफ्याच्या कडेला सेड्रिक उभा. शेजारी कुंपणाच्या भिंतीला काचाच काचा टेकवून ठेवलेल्या.

"कोणाच्या रे काचा?"

"माझ्या. टोमॅटोचं काचघर उतरवतोय."

"का? मोडलं?"

"छे. इथं उभं करायचंय."

"इथं म्हणजे कुठं?"

"इथं म्हणजे इथं. तुझ्या गूजबेरीच्या झुडपांमागं." काचेवरची धूळ बाहीने पुसत तो म्हणाला, "ऊन चांगलं येतं."

नोरीनने आभाळाकडे पाहिलं. सेड्रिकच्या तुकड्यावर उजाडल्यापासून मावळेपर्यंत ऊन असायचं. तिच्या वाफ्यावर दुपारपर्यंत भिंतीची सावली. टेकडीवरच्या मांजरांनाही हे ठाऊक होतं, म्हणून तर ती झोपायला वर जायची.

"सेड्रिक, ऊन तर तुझ्याकडे असतं."

"हं," सेड्रिक म्हणाला. "हा पाना धर जरा."

तिने पाना धरला. नाही म्हणायचं तर नेमकं कशाला, हेच तिला सुचेना. पुढचे काही दिवस तो एकेक पायरी पायाने चाचपत काचा खाली आणत राहिला आणि आठवडाभरात गूजबेरीच्या मागे त्याचं काचघर उभं राहिलं. त्यात तिने पाय ठेवायचा की नाही, हे कोणीच सांगितलं नाही. ती दारातूनच डोकावायची.

मग तिच्या स्वयंपाकघराची पाळी आली. भिंतीला नवा कागद लावायचा होता, पांढऱ्यावर निळ्या चिमण्या असलेला. या कामात सेड्रिकचा हात धरणारं कोणी नव्हतं. कागदाचे दोन पट्टे तो असे जुळवायचा की सांधा शोधून सापडू नये. त्याला कामाला लावून नोरीन पाव आणायला गेली. परत येऊन पाहते, तर मोठी भिंत पुरी झालेली, सांधे एकदम बेमालूम, आणि सगळ्या चिमण्या वटवाघळांसारख्या उलट्या लटकलेल्या.

"कसं झालंय?" सेड्रिकने विचारलं. त्याच्या बाहीला खळ लागली होती आणि चेहरा समाधानाने फुलला होता.

ही थट्टा आहे का? तो कधी थट्टा करत नसे. नोरीनने पाव टेबलावर ठेवला.

"छान," ती म्हणाली.

त्यावर त्याने मान जराशी वळवून, डोळ्याच्या कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं. असं तो हल्ली वरचेवर पाहू लागला होता. समोरासमोर बोलायचा तेव्हा नजर भलतीकडेच, आणि मग मध्येच असा तिरका कटाक्ष. पूर्वी नव्हतं हे.

एप्रिल लागला तशी त्याने दरवर्षीप्रमाणे तिला टोमॅटोची रोपं आणून दिली. चार पानं फुटल्यावर लक्षात आलं की अर्धी रोपं झेंडूची आहेत. इतकी वर्षं ज्याने टोमॅटो वाढवले, त्याने झेंडू द्यावा?

आता मात्र तिला राहवेना. तिने ग्लेनिसला गाठून सगळं सांगितलं. ग्लेनिस कांद्याचे गड्डे लावत होती. ती तशीच गुडघ्यांवर बसून राहिली आणि हसायलाच लागली.

"अगं खुळे, तुला खरंच कळत नाही?"

"कळलं असतं तर तुझ्याकडे आले असते का?"

"माणूस आपलं घर मोडून तुझ्या दारी आणतो."

"काचघर."

"घरच ते. चोरून बघतो. आणि फुलं दिलीन तुला! सरळ हातात द्यायची लाज वाटली, म्हणून टोमॅटोत लपवून दिली."

"आणि उलट्या चिमण्या?"

"प्रेमात पडलेल्या माणसाला सरळ काय नि उलटं काय!"

नोरीन घरी आली ती डोक्यात भुंगा घेऊनच. सेड्रिक? आपला सेड्रिक? चहाचं आधण उकळून आटलं तरी ती तिथंच उभी. तिला नवरा नको होता, हे तिला पक्कं माहीत होतं. पण नकार द्यायचा तर माणसाने आधी विचारायला हवं, आणि हा विचारेल कधी? त्याच्या वेगाने बोलणं व्हायचं तर दोघं नव्वदीला टेकतील. तोवर रोज त्या काचघरासमोर तोंड चुकवत फिरायचं? शिवाय नकारानंतर तो बागेत यायचाच थांबला तर? तिने आटलेल्या आधणात पुन्हा पाणी ओतलं.

गुड फ्रायडेला सगळी टेकडी बटाटे लावते. सेड्रिक खालीच होता, नोरीनच्या वाफ्यात चर काढत. ग्लेनिस मुद्दाम मोठ्याने "मी आपली माझ्या वाफ्यात जाते बाई!" असं म्हणून वर निघून गेली. नोरीनने हातातलं फावडं जमिनीत रोवलं.

"सेड्रिक, एक सांगायचंय. वाईट वाटून घेऊ नकोस. मी लग्न करणार नाहीये."

सेड्रिकने हातातला बटाटा अलगद चरात ठेवला.

"बरं," तो म्हणाला. "कोणाशी?"

"कोणाशीच."

"बरं." त्याने दुसरा बटाटा घेतला. तो चाचपून कोंब वर येतील असा धरला. "कोणी विचारलं होतं का?"

"तू!"

"मी? कधी?"

"अजून नाही विचारलंस. पण विचारणार होतास."

"मी विचारणार होतो," सेड्रिक सावकाश म्हणाला, जणू हे आपल्याला आधी कोणीतरी सांगायला हवं होतं. "हे तुला कोण बोललं? ग्लेनिस?"

"ग्लेनिसला कशाला मध्ये आणतोस? काचघर कोणी आणलं माझ्या दारात? झेंडू कोणी दिला?"

"झेंडू?"

"टोमॅटो म्हणून दिलास तो! आणि चोरून बघतोस ते? आणि माझ्या स्वयंपाकघरात त्या चिमण्या उलट्या टांगून ठेवल्यास..."

"उलट्या?"

त्याचा आवाज असा काही निघाला की ती बोलायची थांबली. सेड्रिकने हाताने चाचपून मागची पालथी बादली शोधली आणि तिच्यावर बसला.

"चिमण्या उलट्या आहेत?"

"सगळ्या."

"सगळ्या भिंतीवर?"

"हो."

"आणि तू छान म्हणालीस."

"मग काय म्हणणार होते? तुझं तोंड पाहिलं असतंस तर तूही छानच म्हणाला असतास."

तो मातीकडे पाहत होता. म्हणजे पाहतोय असं तिला वाटलं.

"मला मधलं दिसत नाही, नोरीन," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांचं. शरदात सुरू झालं. सरळ बघितलं की मधोमध धुकं. तुझ्याकडे सरळ पाहिलं तर तू नसतेसच. मान वळवली की कडेनं दिसतेस. टोपी दिसते. कान दिसतो. डॉक्टर म्हणाले, कडेचं राहील, मधलं गेलं ते गेलं."

नोरीन इतके दिवस ज्या बोलण्याची तयारी करत होती, त्यातला एकही शब्द इथं कामाचा नव्हता.

"आणि काचघर?"

"वरच्या पायऱ्यांवर फेब्रुवारीत पडलो. दोनदा. तुझा वाफा फाटकाशी, बसथांब्यापासून सपाट रस्ता. म्हटलं, टोमॅटोला डोळे लागत नाहीत, बोटं पुरतात." त्याने बोटांवरची माती चोळून काढली. "झेंडूचं बोटांना कळायला हवं होतं. एवढं लहान रोप हाताला नीट कळत नाही अजून."

"अरे पण तोंडाने मागायचंस ना! मी नाही म्हटलं असतं का?"

"मागायचं कसं ते कळेना. म्हणून आधी काचघर आणलं."

"आणि डोळ्यांचं का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर कागद लावू दिला असतास?"

"मुळीच नाही!"

"मग?" सेड्रिक म्हणाला.

त्यावर नोरीनला हसू आलं, आणि मागोमाग रडूही. नाक पुसायला तिने मातीचाच हातमोजा वापरला. सेड्रिकला ते दिसलं की नाही कळलं नाही. तो बादलीवर बसून काहीतरी मनात जुळवत होता.

"विचारलं असतं," तो म्हणाला, "तर तू नाही म्हणणार होतीस."

"हो."

"बरं झालं नाही विचारलं ते."

"हो ना," नोरीन म्हणाली, आणि तिला कळेना की हे ऐकून आपल्याला सुटल्यासारखं वाटतंय की कोणीतरी हातातली बशी काढून घेतल्यासारखं. तिने फावडं उचललं. राहिलेला चर तिने दोरी बांधून आखला, सेड्रिक दोरीला बोट लावत बटाटे ठेवत गेला, आणि ओळ इतकी सरळ आली की तिच्या एकटीच्या हातून तशी कधी आली नव्हती. मधूनच वरून ग्लेनिसची टोपी कुंपणावर दिसायची आणि खाली जायची. शेवटी ती खाली आलीच.

"काय मग? ठरलं?"

"बटाटे लावले," नोरीन म्हणाली.

"ते दिसतंय गं. बाकीचं?"

"बाकीचं उलटं लागलंय," सेड्रिक म्हणाला. ग्लेनिस एकदा त्याच्याकडे पाही, एकदा हिच्याकडे. मग नोरीनने तिला डोळ्यांचं सांगितलं. ग्लेनिसचा चेहरा उतरला. पाठोपाठ तिने सेड्रिकच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली आणि म्हणाली, "मेल्या, माझ्या खिडकीला तू जानेवारीत रंग दिलास! तरीच काचेवर जास्त आणि लाकडावर कमी!"

दुपार कलल्यावर नोरीन त्याला बसथांब्यापर्यंत पोचवायला निघाली. आजवर तो एकटाच जात होता, पण आता माहीत झाल्यावर सोडायचं कसं? तिने त्याचा दंड धरला. त्याने तो सोडवून तिचा कोपर धरला. ती डावीकडे जायला लागली तेव्हा तो उजवीकडे वळला आणि दोघांची टक्कर झाली.

"कोण कोणाला नेतंय?" त्याने विचारलं.

"मला काय विचारतोस! मी कधी केलंय हे?"

"मीही नाही."

रस्ता त्याच्या पायांना तिच्यापेक्षा चांगला माहीत होता. कडेला फरशी उखडली होती तिथं तो बरोबर बगल देऊन गेला आणि ती ठेचकाळली. त्यानेच तिला सावरलं. मग दोघं कोणी कोणाला धरलंय याचा विचार न करता थांब्यापर्यंत आले.

बस आली. "माझीच का?" त्याने विचारलं. "तुझीच," तिने सांगितलं. तो दांडा धरून चढला, आतून मान वळवून त्याने हात हलवला, आणि तिनेही हलवला. बस उतरणीला लागून वळणाआड गेली. नोरीन तिथंच उभी राहिली, उद्या त्याला चहाला बोलवायचं का, आणि बोलावलंच तर ग्लेनिसला काय सांगायचं, याचा विचार करत. तीच बस आपल्याही दारावरून जाते, हे तिला बऱ्याच वेळाने आठवलं.