हाराच्या तारा

मित्रांनो, हेंद्रेपाड्यात उल्हास नदीच्या काठी, ताडपत्रीखाली एक बोट उभी असते. तिच्या पाठीला बाहेरून लटकलेला, प्रोपेलर लावलेला जाड पाय म्हणजे मी. माझं नाव स्टर्नड्राइव्ह. इंजिन बोटीच्या पोटात घुमतं आणि त्याचं बळ पाण्यापर्यंत पोचवतो मी. पुढे जायचं, मागे यायचं की नुसतं थांबायचं, हे ठरवणारे गिअरही माझ्याच अंगात. पाड्यातली माणसं मला नुसतं 'शेपूट' म्हणतात.

माझं तारुण्य मुंबईच्या बंदरात गेलं. भंगारात निघालो, तेव्हा इथल्या भजनी मंडळाने पुराच्या धास्तीने बोटीसकट मला घेतलं. उल्हासनगरच्या कॅम्प दोनमधल्या एका सिंधी मिस्त्रीने मला खोलून, धुऊन पुन्हा उभं केलं. निघताना तो सदूकाकांना म्हणाला होता, "साईं, इसको पूजा कम, ग्रीस ज्यादा." सगळे हसले होते.

सदूकाका मंडळाचे टाळकरी. बोट त्यांच्याच हवाली. फार मायाळू माणूस. दर दसऱ्याला ते बोट धुवायचे आणि हँडलपासून माझ्याकडे येणाऱ्या गिअरच्या केबलला झेंडूचा हार बांधायचे. दोरा तुटतो म्हणून तारेने. फुलं वाळून गळायची, तार तशीच राहायची. देवाच्या नावाने बांधलेलं तोडायला त्यांचा हात धजत नसे. पुढच्या वर्षी तिच्यावर आणखी एक तार. ओवाळताना त्यांचे डोळे भरून यायचे. पण माझ्या पाठीवरचं झाकण कुणी उघडलं नाही. तारा केबलच्या आवरणात रुतत गेल्या, पाणी आत झिरपत गेलं. मला वाचा कुठली?

एका आषाढात देवळात सकाळचं कीर्तन रंगलं होतं, तोच पाणी पायरीला लागलं. पाडा धावत देवळात आला. मागे राहिल्या दोघी. नदीकडच्या घरातल्या द्रौपदीमावशी आणि त्यांची बाळंतीण सून राजसी. दोघी बाळाला घेऊन पत्र्यावर चढल्या होत्या. सदूकाकांनी काठावरून हाक देऊन सांगितलं, येतो म्हणून.

गळ्यात टाळ तसेच घेऊन ते बोटीत उतरले. सोबत शेजारची यशोधरा होती. ती अंबरनाथच्या कारखान्यात मशीन दुरुस्तीचं काम करते. इंजिन लागलं. काकांनी गिअरचं हँडल पुढे ढकललं, ते अर्ध्यावर अडकलं. इंजिन गरजत राहिलं, प्रोपेलर मात्र मेल्यासारखा. पत्र्यावरून बाळाचं रडणं येत होतं. मग ते येईनासं झालं.

काका हँडलला भिडले. यशोधराने त्यांचा हात धरला आणि इंजिन बंद केलं. प्रोपेलरला चिंधी, पिशवी गुंडाळली आहे का पाहिलं, नव्हती. माझ्यातलं तेल बोटावर घेऊन चोळलं. गिअरचे दात तुटले असते तर धातूचा कण लागला असता, तो लागला नाही.

"दात गेले याचे, पोरी," काका हँडल सोडून म्हणाले. "येतो म्हणून सांगितलंय मी त्यांना."

"गेलेत का ते बघू तरी, काका. केबल सोडते. हाताने गिअर पडला तर खोट केबलमध्ये, याच्यात नाही."

कित्येक वर्षांनी माझ्या झाकणाला हात लागला. तिने पिन काढून केबल सोडली. काकांनी प्रोपेलर हाताने फिरवला, तिने झाकणाखालचा माझा गिअरचा दांडा ढकलला. खट्‌. मी जिवंत होतो, मित्रांनो.

"गिअर चांगलाय. केबल जाम झालीय."

नवी केबल कुठून आणणार? यशोधरा बोटीच्या मागच्या टोकाला पालथी झोपली आणि माझा दांडा मुठीत धरला. पावसात हाक ऐकू येईना, म्हणून काकांनी एक टाळ काढून लोखंडी कठड्यावर वाजवायचं ठरवलं. एक ठोका म्हणजे पुढे, दोन म्हणजे थांब. ठोक्यापूर्वी इंजिन हळू करायचं.

पत्र्याजवळ दोन ठोके पडले. तिची बोटं दांड्यावरून निसटली. अजून एक हात पुढे गेलो असतो, तर पत्रा कोसळला असता. तिने दुसऱ्या हाताने दांडा ओढला. थांबलो.

"मेल्या, भजन करीत आलास काय?" द्रौपदीमावशी म्हणाल्या आणि आधी बाळ पुढे केलं, मग दोघी बोटीत उतरल्या.

बाळ हलत नव्हतं. राजसी त्याला छातीशी चोळत राहिली. यशोधराला दांडा सोडता येईना, काकांना सुकाणू. परतीच्या वाटेत कुणी कुणाकडे पाहिलं नाही.

देवळाच्या पायरीशी काकांनी दोन ठोके दिले. त्या आवाजाने बाळ दचकलं आणि टाहो फोडून रडलं. काकांचा टाळ हातातून गळून पडला.

पाणी उतरल्यावर यशोधराने केबल चाचपत हँडलपर्यंत हात नेला. तिथे गंजलेल्या तारांचा गुंडा होता. काकांनी तो पाहिला, पक्कड मागून घेतली आणि एकेक तार स्वतः कापली.

आता दसऱ्याचा हार बोटीच्या नाकावर असतो, दोऱ्याने बांधलेला. आरतीआधी झाकण उघडतं, ग्रीस लागतं, गिअर हाताने पाडून पाहतात. मित्रांनो, आम्हाला जरूर ओवाळा. पण हार सुकला की उतरवा, आणि वर्षातून एकदा तरी आमच्या आत डोकावून बघा.